कानासाठी एमआरआय सांगितलाय, त्यात नक्की काय बघतात? (सांगली-मिरज)

हळदपेठ

नमस्कार मंडळी. प्रश्न सासूबाईंचा आहे. वय ६१, गाव तासगावजवळ, सध्या आमच्याकडे विश्रामबागला आल्यात. उजव्या कानाने कमी ऐकू येतंय ही तक्रार दिवाळीपासूनची. त्याच कानात सतत कुईं असा आवाज. आणि मधूनच असं गरगरतं की भिंत धरून खाली बसतात, उलट्या होतात. दोन-तीन तासांनी उतरतं, पण पुढचा अख्खा दिवस अंगात त्राण राहत नाही. गरगरायच्या आधी कान गच्च भरल्यासारखा वाटतो म्हणतात. गावाकडे दडा बसलाय म्हणून तेलही घालून झालं.

ईएनटी डॉक्टरांनी ऑडिओग्राम काढला, उजवा कान बराच खाली आलाय. आता एमआरआय सांगितलाय. चिठ्ठीवर "एमआरआय आयएसी, कॉन्ट्रास्टसह" असं आहे. घरात दोन तट पडलेत. आमचे हे म्हणतात डॉक्टरांनी सांगितलंय तर काढून टाकू. दीर म्हणतात, दुखणं कानाचं आणि फोटो डोक्याचा कशाला? गेल्या वर्षी आई परड्यात पडल्या होत्या तेव्हा डोक्याचा सीटी झालाय, नॉर्मल होता. तोच दाखवला तर चालणार नाही का? कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन घ्यावंच लागतं का, त्यांना शुगर आहे. आणि आईंची स्वतःची भीती वेगळीच आहे. त्या मशीनचा आवाज फार मोठा असतो असं त्यांना शेजारणीने सांगितलंय. आहे ते ऐकणंही त्यात जाईल म्हणून त्या नकोच म्हणतायत.

ज्यांनी कुणी हा प्रकार घरात बघितलाय त्यांनी सांगा.

श्रवणरेषा

ताई, मी ऑडिओलॉजिस्ट आहे, सांगलीतच काम करते. दिरांचा प्रश्न रास्त आहे, माझ्यासमोर बसलेल्या दर दुसऱ्या घरातून तो येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

ऐकण्याचा आणि तोल सांभाळण्याचा अवयव एकाच ठिकाणी आहे, कानाच्या आत खोल, कवटीच्या अगदी टणक हाडात. गोगलगायीच्या शंखासारखा अडीच वेढ्यांचा कॉक्लिआ ऐकण्यासाठी, आणि त्याला लागून तीन अर्धवर्तुळाकार नलिका व दोन छोट्या पिशव्या तोलासाठी. हे सगळं द्रवाने भरलेलं असतं. तिथून निघालेली नस जेमतेम सेंटिमीटरभर लांबीच्या हाडाच्या बोगद्यातून मेंदूकडे जाते. तो बोगदा म्हणजेच चिठ्ठीवरचं आयएसी. म्हणजे फोटो डोक्याचा वाटला तरी बघायचं असतं ते अंतर्कर्ण, ती नस आणि ती मेंदूला जिथे मिळते तो कोपरा.

ऑडिओग्राम सांगतो की ऐकणं किती आणि कुठल्या पट्टीत कमी झालंय. बिघाड शंखातला आहे की नसेतला, हे तो एकटा ठामपणे सांगू शकत नाही. दोन्ही कान वयाबरोबर सारखे उतरले असते तर एमआरआयचा विषयच निघाला नसता. एकच कान उतरलाय, म्हणून निघाला. इंग्लंडची २०१८ची मार्गदर्शक सूचना आहे की लागोपाठच्या दोन फ्रिक्वेन्सींना दोन कानांत १५ डेसिबल किंवा जास्त फरक असेल तर एमआरआयचा विचार करावा. आपल्याकडचे डॉक्टरही साधारण त्याच विचाराने चालतात.

शोधायची गोष्ट मुख्यतः एक, तोलाच्या नसेवर वाढणारी गाठ. तिला व्हेस्टिब्युलर श्वानोमा म्हणतात, जुन्या डॉक्टरांच्या तोंडी अकूस्टिक न्यूरोमा. ती कॅन्सरची नसते आणि बहुतेक वेळा हळू वाढते. एका कानाने कमी ऐकू येतं म्हणून एमआरआय काढलेल्या शंभर जणांत फार तर दोन-चार जणांत सापडते. म्हणजे आईंना ती असेल असं कुणी म्हणत नाहीये. पण ती नाही हे कळल्याशिवाय पुढचे उपचार निर्धास्तपणे करता येत नाहीत.

मिरज_यार्ड

मिरजेत एमआरआय टेक्निशियन आहे. सीटीचं सांगतो. सीटीत हाड सुरेख दिसतं. कानाचं हाड सडलंय का, मधल्या कानातल्या हाडांची साखळी जागेवर आहे का, यासाठी कानाचा बारीक कापांचा सीटी काढतात. पडल्यावर काढलेला डोक्याचा सीटी रक्तस्राव आणि फ्रॅक्चर बघायला असतो. बोगद्यातली काही मिलिमीटरची गाठ त्यात दिसणार नाही. तो नॉर्मल आहे म्हणून नस नॉर्मल, असं धरता येत नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. चिठ्ठी काउंटरवर नीट वाचायला लावा. पेशंट "चक्कर येते" म्हणतो आणि नोंद "एमआरआय ब्रेन" अशी होते, हे मी पाहिलंय. ब्रेनच्या नेहमीच्या तपासणीत काप साधारण ५ मिलिमीटरचे असतात. नसा त्यात निसटतात. आयएसीसाठी वेगळा सिक्वेन्स, म्हणजे फोटो काढायची वेगळी पद्धत, चालवतो, त्याचे काप १ मिलिमीटरपेक्षा पातळ. मशीन सीमेन्सचं असेल तर त्याला सिस म्हणतात, जीईचं असेल तर फिएस्टा. त्यात द्रव पांढराशुभ्र दिसतो आणि त्या पांढऱ्यात चार नसा काळ्या रेघांसारख्या वेगवेगळ्या दिसतात. चेहऱ्याची नस वर पुढे, ऐकण्याची तिच्या खाली, आणि तोलाच्या दोन मागच्या बाजूला. विद्यार्थी पाठ करतात ना, सेव्हन-अप वर आणि कोक खाली, ते हेच. सातवी नस वर, कॉक्लिअर खाली.

कॉन्ट्रास्ट गॅडोलिनियमचं असतं, सीटीसारखं आयोडीनचं नाही. हाताच्या शिरेतून थोडंसं देतो. अगदी छोटी गाठ किंवा नसेची सूज त्याने उजळून येते. शुगर आहे म्हणून ते बंद नाही, मूत्रपिंड कसं चाललंय ते बघायचं असतं. म्हणून क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट आणा, आम्ही तो मागणारच. किडनी फारच कमकुवत असेल तर रेडिओलॉजिस्ट ठरवतात द्यायचं की नुसत्या सिक्वेन्सवर भागवायचं. बऱ्याच ठिकाणी पहिली चाळणी म्हणून इंजेक्शनशिवायच काढतात, तेही चुकीचं नाही.

आवाज खरंच मोठा असतो, १०० डेसिबलच्या वरही जातो. पण कानात प्लग आणि वरून हेडफोन दिल्याशिवाय कुणाला आत घेत नाही. प्लग नीट आत बसलाय का ते आईंनाच विचारा, वरवर टेकवलेल्या प्लगचा उपयोग नाही. कमी ऐकू येणाऱ्या कानालाही लावायचा. हातात एक रबरी फुगा देतो, दाबला की आम्ही थांबतो. साधारण अर्धा तास धरा.

गावाकडच्या बायांना माझी एक विनंती असते. मंगळसूत्रात अडकवलेल्या सेफ्टी पिना, परकराच्या नाडीला लावलेली पिन, ब्लाउजचे हूक, केसातले आकडे, सगळं घरीच काढून या. गाऊन देतो आम्ही, पण मंगळसूत्र काढायला ऐनवेळी मन तयार नसतं आणि बाहेर रडारड होते. घरी बोलून, समजावून आणलं की सोपं जातं. पुरुषांच्या खिशात चुन्याची डबी निघते. श्रवणयंत्र असेल तर तेही बाहेरच.

वारणाकाठ

मलाही चक्कर येते हो. सकाळी उठताना कूस बदलली की घर फिरतं, अर्धा मिनिट, मग थांबतं. वर फडताळातलं काही काढायला मान वर केली तरी तेच. ऐकायला उत्तम येतं. मीही एमआरआय काढून घेऊ का? मेडिकलवाल्याने गोळ्या दिल्यात, त्याने नुसती झोप येते.

श्रवणरेषा

दादा, तुम्ही सांगताय ते वर्णन बीपीपीव्हीचं वाटतं. कानातल्या पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असतात, ते सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत गेले की मान हलवल्यावर काही सेकंद गरगरतं. हे खडे एमआरआयमध्ये दिसत नाहीत. ते ओळखायचे तर डॉक्टर तुम्हाला पलंगावर बसवतात, मान एका बाजूला वळवून झटकन आडवं करतात आणि डोळ्यांकडे बघतात. बुबुळं ठरावीक पद्धतीने थरथरली की निदान झालं. त्याला डिक्स-हॉलपाइक चाचणी म्हणतात. उपाय म्हणजे एपली मॅन्यूव्हर, डोकं क्रमाने फिरवून खडे परत जागेवर आणायचे. पुष्कळांना एकाच बैठकीत आराम पडतो. आधी हे करून घ्या, नुसत्या चक्करेच्या गोळ्या खात बसू नका. एमआरआयचे पैसे तुमच्या बाबतीत बहुधा वाचतील.

मानेचा एक्स-रे काढून "स्पॉन्डिलायटिसची चक्कर" म्हणून वर्षानुवर्षे पट्टा लावलेली माणसं माझ्याकडे येतात आणि दहा मिनिटांच्या चाचणीत खडे निघतात. फार वाईट वाटतं.

तालुका_ओपीडी

कराडजवळ जनरल प्रॅक्टिस करतो. धागा चांगला चाललाय, पण दोन गोष्टी आत्ताच लिहून ठेवतो, कारण त्यात वेळ घालवून चालत नाही.

पहिली. एका कानाने एकाएकी, म्हणजे तासाभरात किंवा दोन-तीन दिवसांत, ऐकू येणं बंद झालं तर ती इमर्जन्सी आहे. मळ असेल, सर्दीने दडा बसला असेल म्हणून आठवडा घालवू नका. त्याच दिवशी ईएनटी गाठा, ऑडिओग्राम काढा. स्टिरॉइड लवकर सुरू झाली तर ऐकणं परत येण्याची शक्यता जास्त, दोन आठवडे उलटले की ती घटत जाते. या आजारात एमआरआय नंतर काढतातच, पण एमआरआयची तारीख मिळेपर्यंत औषध थांबवायचं नसतं. आमच्याकडे लोक उलटं करतात, आधी पैशांची जुळणी, मग फोटो, मग डॉक्टर.

दुसरी. पहिल्यांदाच जोराची चक्कर आली आणि सोबत बोलणं अडखळतंय, एकाचं दोन दिसतंय, तोंड वाकडं झालंय, हात-पाय चालत नाही किंवा आधाराशिवाय उभंच राहता येत नाही, तर कानाचा डॉक्टर शोधू नका. लहान मेंदूतला पक्षाघात असू शकतो, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. साधा सीटी अशा वेळी बऱ्याचदा नॉर्मल येतो. पहिल्या एक-दोन दिवसांत एमआरआयदेखील हुकू शकतो, म्हणून डॉक्टर डोळ्यांच्या हालचाली आणि चाल बघून निर्णय घेतात. रिपोर्ट नॉर्मल आहे, आम्ही घरी जातो, असा हट्ट धरू नका.

हळदपेठताई, तुमच्या सासूबाईंचं वर्णन मला मेनिएर या अंतर्कर्णाच्या आजारासारखं वाटतंय. पण निदान तुमच्या डॉक्टरांचं.

भट्टीजवळ

कुपवाड एमआयडीसीत फौंड्रीत २२ वर्षं काढली. दोन्ही कानांत रातकिडे ओरडल्यासारखा आवाज आहे, घरात टीव्ही मोठा लागतो म्हणून पोरं चिडतात. मी हौसेनं एमआरआय काढायला निघालो होतो. काही सापडेल का त्यात?

श्रवणरेषा

दादा, आवाजाने झिजतात त्या शंखातल्या केसपेशी. त्या इतक्या सूक्ष्म की कुठल्याच एमआरआयला दिसत नाहीत. तुमच्या ऑडिओग्रामला ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा असेल, तीच या आजाराची खूण. दोन्ही कान सारखेच असतील तर एमआरआयने हातात काही नवीन येणार नाही. त्याऐवजी श्रवणयंत्राची ट्रायल घ्या, बऱ्याच जणांना त्याने कानातला आवाजही कमी जाणवतो. आणि अजून कामावर असाल तर इअरमफ. गेलेल्या पेशी परत येत नाहीत, राहिलेल्या मात्र जपता येतात.

गणपतीत डॉल्बीसमोर पोरांना खांद्यावर घेऊन उभे राहणारे बाप दिसले की मला हेच ओरडून सांगावंसं वाटतं. त्या पोराचा कान स्पीकरच्या तोंडाशी असतो.

मिरज_यार्ड

@भट्टीजवळ, पुढेमागे कधी कुठल्याही कारणाने एमआरआय काढायची वेळ आली तर ग्राइंडिंग-फौंड्रीचं काम आधी सांगा. डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का ते विचारलं जाईल. शंका असेल तर आधी डोळ्याचा एक्स-रे काढतात. चुंबकाने तो कण हलला तर नजरेला धोका आहे. फॉर्मवर "नाही, नाही, नाही" अशी भराभर टिक करू नका. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट, सगळं लिहायचं. हृदयातला स्टेंट असेल तर बहुतेक वेळा अडचण नसते, पण कार्ड आणायचं.

अजिंक्यतारा

साताऱ्याहून. ती दोन-चार जणांतली गाठ माझ्याकडे आहे, म्हणून लिहितोय. फोनवर डाव्या कानाने शब्द कळेनात. आवाज यायचा, शब्द नाही. चक्कर अशी कधी आलीच नाही, फक्त अंधारात जिना उतरताना पाय चुकायचा. एमआरआयमध्ये बोगद्याच्या आत ७ मिलिमीटरची गाठ निघाली. रिपोर्टवर "ट्यूमर" हा शब्द वाचून बायकोने जेवण सोडलं होतं.

पुण्यात न्यूरोसर्जननी अर्धा तास बसवून समजावलं. तीन वाटा असतात. नुसतं लक्ष ठेवायचं, गॅमा नाइफसारखं रेडिएशन, किंवा ऑपरेशन. चेहऱ्याची नस त्याच बोगद्यातून जाते, त्यामुळे ऑपरेशनचा निर्णय घाईने घेत नाहीत. माझं लक्ष ठेवणं चाललंय, सहा महिन्यांनी एक एमआरआय झाला, आता वर्षातून एक. गाठ तेवढीच आहे. घरात कुणाला हा शब्द ऐकावा लागला तर घाबरून त्याच आठवड्यात टेबलावर जाऊ नका. दुसरं मत घ्या, पण पाठपुरावा मात्र सोडू नका. माझ्या ओळखीत एकाने "काही होत नाही" म्हणून पुढचे फोटो काढलेच नाहीत, आता गाठ मेंदूच्या खोडाला टेकली आहे.

येरळाकाठ

आमचा अनुभव मुलीचा. ती दहा महिन्यांची असताना मेंदूज्वर झाला, त्यातून वाचली, पण भांडं पडलं तरी दचकेना. ऑडिओलॉजिस्टनी बेरा, म्हणजे आवाजाला नस प्रतिसाद देते का ती चाचणी केली आणि त्याच आठवड्यात एमआरआयला पाठवलं. मला वाटलं एवढी घाई कशाला, लेकरू आत्ता कुठे सावरलंय, त्यात भूल द्यायची. मग डॉक्टरांनी कारण सांगितलं. मेंदूज्वरानंतर शंखाच्या आत आधी चिवट पेशी आणि मग हाड भरू लागतं. एकदा ते भरलं की कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे ऑपरेशनने बसवायच्या ऐकण्याच्या यंत्राची, तार आत सरकत नाही. एमआरआयमध्ये पांढऱ्या द्रवाची जागा काळी होताना आधी दिसते, सीटीत हाड दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. दुसरं म्हणजे ऐकण्याची नस आहे की नाही तेही त्यात बघतात. काही मुलांना ती जन्मतःच नसते किंवा अगदी बारीक असते.

तिचं इम्प्लांट झालं. आता ती "बाबा" म्हणते आणि मला पुढचं काही सुचत नाही.

ज्यांची पोरं लहान आहेत त्यांनी अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला सांगा, ते पुढे पाठवतात. जन्मतः ऐकू न येणाऱ्या पाच वर्षांच्या आतल्या मुलांना केंद्राच्या अडिप योजनेतून इम्प्लांट मिळतं. वय निघून गेलं की दार बंद होतं.

हळदपेठ

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा मोठ्या दिरांना वाचून दाखवला, तेच आईंना घेऊन मिरजेला गेले. मंगळसूत्र घरी देवापाशी ठेवून निघाल्या. प्लग आणि हेडफोनमुळे आवाजाचा त्रास झाला नाही, पण आत सरकवताना आणि बाहेर काढताना क्षणभर गरगरलं म्हणाल्या.

रिपोर्ट आलाय आणि नवीन भीती घेऊन आलाय. गाठ नाही असं स्पष्ट लिहिलंय. पण पुढे आहे: उजव्या बाजूला आयकाचा व्हॅस्क्युलर लूप नसेला लागून. आणि मेंदूत वयानुरूप बारीक पांढरे ठिपके. दीर म्हणतायत रक्तवाहिनी नसेवर दाबतेय, म्हणजे आता ऑपरेशन. डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे, तोवर कुणाला झोप नाही.

श्रवणरेषा

ताई, आज रात्री सगळे शांत झोपा. आयका ही लहान मेंदूला रक्त पुरवणारी धमनी. तिचा वळसा या बोगद्याच्या तोंडाशी किंवा आत थोडा असणं फार सामान्य आहे. ज्यांना कानाची काहीही तक्रार नाही अशांच्या फोटोतही तो दिसतो, आणि तक्रार असलेल्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूलाही. रेडिओलॉजिस्टचं काम दिसेल ते लिहायचं. तेवढ्या एका ओळीवर कुणी ऑपरेशन करत नाही. पांढऱ्या ठिपक्यांचंही तेच, साठीला शुगर-बीपी असलेल्यांत ते पुष्कळदा असतात. शुगर-बीपी ताब्यात ठेवा एवढाच त्याचा अर्थ.

सरकवताना गरगरलं तेही खरं आहे. तीव्र चुंबकीय क्षेत्रात कानातल्या द्रवावर हलका जोर पडतो आणि तोलाच्या नलिका चाळवतात. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०११ मध्ये हे दाखवून दिलं. मशीन जितकं ताकदवान तितकं जास्त जाणवतं. त्याने इजा होत नाही.

गाठ नाही हे कळलं, हाच या एमआरआयचा उपयोग. आता डॉक्टर बहुधा ऑडिओग्राम परत बघतील. मेनिएरमध्ये सुरुवातीला जाड, खालच्या पट्टीतलं ऐकणं कमी होतं आणि ते वर-खाली होत राहतं. चक्कर २० मिनिटांपासून १२ तासांपर्यंत टिकते. आईंची दोन-तीन तासांची चक्कर त्यात बसते.

तालुका_ओपीडी

एक भर घालतो. मेनिएरमध्ये अंतर्कर्णातल्या आतल्या पिशवीतला द्रव वाढून ती फुगते. नेहमीच्या एमआरआयमध्ये आतला आणि बाहेरचा द्रव दोन्ही सारखेच पांढरे, म्हणून फुगवटा कळत नाही. कॉन्ट्रास्ट देऊन सुमारे चार तास थांबून ३ टेस्लाच्या (जास्त ताकदीच्या चुंबकाच्या) मशीनवर वेगळा सिक्वेन्स काढला तर औषध फक्त बाहेरच्या द्रवात उतरतं, आतला काळा राहतो, आणि फुगलेली पिशवी दिसते. जपानमधल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये ही वाट दाखवली, तेव्हा त्यांनी औषध पडद्यातून थेट मधल्या कानात सोडलं होतं. आपल्याकडे हे सर्रास करत नाहीत आणि सगळ्यांना लागतही नाही. निदान मुख्यतः हकिगत आणि ऑडिओग्रामवरच होतं. म्हणून नॉर्मल एमआरआय बघून "म्हणजे आईंना काहीच नाही, मनाचं आहे" असं घरात कुणाला म्हणू देऊ नका. त्रास खराच आहे.

हळदपेठ

सोमवारी दाखवून आलो. मेनिएरच म्हणाले. लूपकडे लक्ष देऊ नका असं त्यांनीही सांगितलं. गोळ्या सुरू केल्यात, लोणचं-पापड-खर्डा बंद. गरगरलं की तारीख, वेळ, किती वेळ टिकलं आणि कान कसा वाटला ते वहीत लिहायला सांगितलंय. नातवाने वही आखून दिली आहे. दोन महिन्यांनी परत ऑडिओग्राम. एकच विचारायचंय, एमआरआयचा खर्च महात्मा फुले योजनेत बसतो का? आमचा झाला, पण गावातल्या एकीला सांगायचंय. आणि फिल्म घरी ठेवायच्या की डॉक्टरांकडे?

मिरज_यार्ड

योजना मुख्यतः दाखल पेशंटच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. नुसत्या बाहेरून काढलेल्या एमआरआयला ती लागू होईल असं धरून निघू नका. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्यांनाच आधी विचारायला सांगा. मिरजेच्या सरकारी दवाखान्यातही चौकशी करा, खाजगीपेक्षा दर कमी पडतो, रांग मात्र असते. आणि कॉन्ट्रास्टचा खर्च धरून दर विचारा, तो बऱ्याचदा वेगळा सांगतात.

फिल्मबरोबर सीडी मागून घ्या, किंवा लिंक देत असतील तर ती. पुढे कधी परत काढायची वेळ आली तर रेडिओलॉजिस्टला जुन्या फोटोशी मिलिमीटर ताडून बघता येतात, फिल्मवरून ते नीट जमत नाही. सीडी घरीच ठेवा, उन्हात किंवा टीव्हीच्या मागे नको. वर पेनने नाव, तारीख आणि "आयएसी" लिहा. लोक तीन-चार सीड्या घेऊन येतात आणि त्यातली कानाची कुठली ते कुणालाच माहीत नसतं.